रुमालाखालचा हात

१

रोज सकाळी वखारीचं कुलूप काढलं की मेहमुदा आधी मुंग्या झाडायची. दोन वर्षं त्या वखारीत गुळाचा एक रवा, एक ढेपसुद्धा आली नव्हती. पण मुंग्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. भिंतींनी कितीतरी हंगाम गूळ पिऊन ठेवला होता. ऊन चढलं की दगडांतून गोड, जळका वास सुटायचा आणि चुन्याच्या फटींतून काळ्या मुंग्यांच्या ओळी बाहेर पडायच्या. मेहमुदा केरसुणीनं त्या उंबऱ्याबाहेर लोटायची, खिडक्या उघडायची, चित्रांवरची धूळ पुसायची आणि माणसांची वाट बघत बसायची.

वखार पंचगंगेच्या काठी, नदीला पाठ टेकून उभी होती. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या गावांचा गूळ होड्यांतून यायचा आणि वखारीच्या नदीकडच्या दारातून आत चढायचा. पुढं पूल झाला, ट्रक आले, नवा बाजार झाला आणि गूळ तिकडं गेला. उरली ती लांबलचक अंधारी खोली, सागवानी तुळया आणि तो वास.

मेहमुदा आधी बडोद्याला चित्रकला शिकली, मग इंग्लंडात. तिकडं एका बंदरावर तिनं चहाची जुनी वखार पाहिली होती. बाहेर धक्क्याला बोटी लागलेल्या, आत पांढऱ्या भिंतींवर नवी चित्रं, आणि एकाच बाकावर बसून ती बघणारे एक म्हातारा खलाशी आणि एक शाळकरी पोर. तिथं उभ्या उभ्या तिला पंचगंगा आठवली होती. चित्रं बंगल्यांच्या दिवाणखान्यांत का कोंडायची? जिथं माणसांनी पाठीवर ओझी वाहिली, तिथं टांगायची. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं होतं की परत आल्यावर तिनं नोकरीचा विचारच केला नाही. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात ती सरळ वखारीचे मालक आकाराम शेठ यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

हीच वखार मागायला आणखी एक कारण होतं. तिचे वडील दस्तगीर जन्मभर गुळाचे दलाल होते. दोन वर्षांपूर्वी याच वखारीत, शेवटच्या हंगामात, सौद्याच्या गादीवरच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जिथं अब्बा पडले तिथं काहीतरी उभं राहावं, असं तिला वाटत होतं.

आकाराम शेठ म्हणाले होते, “पाडव्यापतोर चालवा. माणसं आली तर वखार तुमची. न्हाय आली तर मी खताची पोती लावणार. मग रडायचं न्हाय.”

माणसं येत नव्हती. राखणीला ठेवलेला केरबा, वखारीचा जुना हमाल, तिला रोज सल्ला द्यायचा.

“बाई, चितरं बघायला कोण येणार? एखादी कुस्ती लावा. तालमी रिकाम्या पडतील.”

“कुस्ती ही पण कलाच आहे, केरबामामा.”

“मग लावा की! अडलंय कुटं?”

मेहमुदानं कुस्ती लावली नाही, पण दुसरं काहीतरी लावलं. जुन्या बाजारात गुळाचा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, जितकी बोटं तितका आकडा, सौदा करायचे. याला हत्ता म्हणत. भोवती माणसं जमलेली असायची, पण भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. बाजारानं हा रुमाल भाव लपवायला वापरला. मेहमुदाला तो माणसं लपवायला वापरायचा होता. जात, धर्म, कपडे, तोंड, सगळं झाकलं जाईल आणि उरेल फक्त हात. नदीकडच्या टोकाला तिनं केरबाकडून फळ्यांची भिंत घालून घेतली. भिंतीत हात जाईल एवढी चौकट ठेवली. अलीकडं एक स्टूल, पलीकडच्या चिंचोळ्या खोलीत दुसरं. त्या खोलीत जायला तेवढं नदीकडचं दार. चौकटीवर तिनं अब्बांचा हत्त्याचा लाल रुमाल ट्रंकेतून काढून खिळवला आणि वर फळी लावली:

‘हात पुढे करा. कुणाचा ते विचारू नका. धरलेला हात सोडू नका.’

दुसऱ्या सकाळी मुंग्यांची ओळ नेहमीच्या वाटेनं आली, नव्या भिंतीपासून हातभर अलीकडं थांबली आणि लांबचा वळसा घालून गेली.

वार्निशचा वास लागला असेल, मेहमुदा स्वतःशी म्हणाली. झाडायचं काम तेवढंच कमी झालं.

२

पहिली खरी गिऱ्हाइकं चिमणाबाईंनी आणली. चिमणाबाई कसबा बावड्याहून येऊन गल्लीत दूध घालायच्या. आवाज असा की तिसऱ्या घरी दूध घातलेलं पहिल्या घरी कळावं. एका दुपारी त्या चार-पाच बायका घेऊन आल्या, चित्रांपुढून भाजीच्या बाजारातून फिरावं तशा फिरल्या आणि फळ्यांच्या भिंतीपाशी थांबल्या.

“हितं काय, भविष्य सांगत्यात?”

“नाही हो, मावशी. पलीकडं माणूस बसलाय. हात आत घाला.”

पलीकडं जोडीदार नसला तर केरबानं बसायचं, असं ठरलं होतं. चिमणाबाईंनी बांगड्या मागं सारून हात आत घातला आणि एकदम हसू लागल्या.

“अगं आई गं! लई घट्ट धरलंय ओ! बाप्या माणूस हाय जणू?”

“विचारायचं नाही.”

“इचारत न्हाय. पर गोड हाय गडी. एकच बोट दाबतोय, एकच. पुन्यांदा एकच. आन करंगळी वाकडी हाय बगा त्याची, बाहेरच्या अंगाला.” मग बायकांकडं वळून, “ये गं तानाबाई, तू बी धर. घरचा न्हाय धरत, हितं तरी धर!”

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकेकीनं हात घातला, एकेकीनं एक बोट दाबल्याचं सांगितलं. मेहमुदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हेच तर पाहिलं होतं, त्या परक्या बंदरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा मान खाली घालून आला.

“चुकलं बाई. काल आलोच न्हाय. मेव्हणीच्या पोराचं बारसं हुतं. खाऊन जे पडलो ते आज उठलो.”

“काल दुपारी तुम्ही पलीकडं बसला नव्हता?”

“आता गं! बावड्यात बसून हितं कसा बसंन?”

“मग कोण होतं?”

“कोण असणार? कुलूप हाय की दाराला. ही बगा किल्ली.” त्यानं करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली.

दोघं वळसा घालून नदीकडं गेली. कुलपावर धूळ होती. दाराच्या दोन फळ्यांमधे कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, आणि ते एका दिवसाचं नव्हतं.

“चिमणाबाईच ती,” केरबा म्हणाला. “तिला म्हशीच्या पोटात बी माणसं दिसत्याल.”

मेहमुदा हसली. आत येऊन तिनं चौकटीची लाकडं चाचपून पाहिली. थंडीत लाकूड आकसतं. आत घातलेला हात फळीत आवळला गेला असेल. सगळ्या जणींचा, एकसारखा. असेल.

३

त्याच संध्याकाळी अब्बांचं बोट हललं.

बिंदू चौकामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अब्बा खिडकीपाशी खाटेवर पडून असायचे. बोलणं जरा जड झालं होतं, पाय ओढत चार पावलं चालायचेही. पण उजवा हात गेला तो गेला. उशीवर ठेवून दिलेल्या वस्तूसारखा तो दिसायचा. ज्या हातानं जन्मभर बाजार केला, तो आता मेहमुदा उचलून पुसायची आणि परत ठेवायची. अब्बा त्याच्याकडं बघत नसत.

ती चहा घेऊन आली आणि तिला दिसलं, पहिलं बोट हळूच वाकलं. पुन्हा वाकलं. कप सांडता सांडता राहिला.

“अब्बा! बोट! बोट हलवलंत तुम्ही!”

घरात दखनी उर्दू चालायची. पण बाजाराचं काही निघालं की अब्बा मराठीत यायचे. त्या दिवशी ते मराठीत म्हणाले, “मी न्हाय हलवलं.”

“असं कसं? मी बघितलं ना.”

“मी बी बघतोय. मी हलवलं न्हाय.”

डॉक्टर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, कधी कधी नस जागी होते, घाई करू नका. मेहमुदानं साखर वाटली. अब्बांनी साखर तोंडात घातली नाही. ते बोटाकडं बघत होते, आणि त्यांची नजर तिला ओळखीची वाटली नाही. सौदा फसतोय की काय असं वाटलं की दलाल बघतो, तशी ती होती.

४

गोष्ट चिमणाबाईंच्या दुधाच्या कासंडीबरोबर गल्लोगल्ली गेली. वखारीत हात धरतात. लोक हसत आले, पैज लावून आले. कॉलेजची पोरं आली, तालमीतले पैलवान आले, जोतिबाहून उतरलेली गुलालानं माखलेली मंडळी आली आणि गुलाल तसाच घेऊन रांगेत उभी राहिली. आले तसे चित्रंही बघत होते. एक शेतकरी उसाच्या चिपाडांच्या शिल्पापुढं बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “ह्ये आमचंच हाय की.” मेहमुदाला वाटलं, आता मेले तरी चालेल.

आकाराम शेठ आले, रांग बघून टोपी मागं सारून उभे राहिले.

“माझ्या बापाच्या काळात बी हितं एवढी माणसं आली न्हवती. पाडव्याचं सोडा. वखार तुमची.”

“तुम्हीपण हात धरा ना, शेठ.”

“न्हाय बा,” शेठ लगेच म्हणाले. “मी गुळाचा माणूस. त्या रुमालाखाली मी फुकट हात घालत नसतो.” आणि हसत निघून गेले.

पलीकडं आता केरबा रोज बसत होता. म्हणजे तसं तो सांगत होता. पण माणसं एकच सांगायची: एक बोट दाबलं, करंगळी वाकडी. केरबाच्या करंगळ्या सरळ होत्या. मेहमुदानं एकदा निमित्त काढून त्या बघून घेतल्या.

शेवटी तिनं त्याला खोदून विचारलं.

“खरं सांगू?” केरबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला. “मी दोनदा बसलो. मग सोडलं. भाईर नदीवर बिडी वढत बसतो. आत लई गार लागतंय. आन बाई, मी हात पुढं करायच्या आधीच भाईरचं माणूस म्हणतंय, धरला, धरला.”

त्या दुपारी मेहमुदा स्वतः पलीकडं जाऊन बसली. जे आहे ते उजेडात बघायचं, हे तिला शिकवलेलं होतं. दार तिनं उघडं ठेवलं. नदीवरचं ऊन स्टुलापर्यंत येत होतं. खोलीत स्टूल होतं, ती होती, आणि काही नव्हतं.

रुमाल हलला. अलीकडून एक हात आत आला. जाड, रापलेला, मनगटाला काळा दोरा. मेहमुदानं आपले हात मांडीवर ठेवले.

हात हवेत थांबला. मग त्याची बोटं मिटली, पूर्ण नाही. मधे काहीतरी असावं, एवढी. फळीपलीकडून कुणीतरी खूश होऊन म्हणालं, “आयला, धरलं की रं!” आणि मेहमुदाच्या डोळ्यांपुढं, तिच्यापासून वितीच्या अंतरावर, त्या हाताच्या पहिल्या बोटाचं कातडं दबलं. पांढरं झालं. सुटलं, तांबूस झालं. पुन्हा दबलं.

ती उठून नदीकडं आली आणि पायऱ्यांवर बसली. खाली कुणी म्हशी धूत होतं. मनाची तयारी असली की अंगावर खुणा उठतात, तिनं वाचलं होतं. गर्दीत एकाला वाटलं की सगळ्यांना वाटतं. हे सगळं खरं होतं. आणि घरी अब्बांचा हात आता मूठ वळू लागला होता, हेही खरं होतं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जे बंद केल्यानं वखार जाईल, ते बंद कशाला करायचं, असं तिनं स्वतःला विचारलं. उत्तर यायच्या आधी ती उठली आणि रांग पुढं सरकवायला आत गेली.

५

चिमणाबाई दोन दिवस दूध घालायला आल्या नव्हत्या. चहा बिनदुधाचा होता. तो पिता पिता, काहीतरी गमतीचं सांगावं म्हणून मेहमुदानं अब्बांना वाकड्या करंगळीचं सांगितलं.

सांगता सांगता तिचं लक्ष उशीवर गेलं.

अब्बांची उजवी करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती. तरुणपणी गुळाचा रवा पडून मोडलेली. जन्मल्यापासून ती ही करंगळी बघत आली होती, आणि म्हणूनच ती तिला कधी दिसली नव्हती.

“रुमाल कुठला लावलास?” अब्बांनी विचारलं.

“तुमचा. ट्रंकेतला.”

अब्बांनी उशीवरच्या हाताकडं एकदा बघितलं. मग मराठीत बोलू लागले, एकेक शब्द ओढून काढत.

“हत्त्यात समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं. आपण नदीकडं बघायचं. तोंड बघितलं की भाव कळतो. त्या दिवशी माल संपला हुता. सगळी उठून गेली हुती. रुमाल माझ्या हातावर तसाच हुता, आन खालनं हात आला. मला वाटलं, उशिरा आलेलं पावणं. मी रिवाजानं नदीकडं बघितलं. त्यानं एक बोट दाबलं.”

“एक काय?”

“त्येच की. कशाचं एक? वखारीत गुळाचा खडा न्हवता.” त्यांनी डाव्या हातानं कपाळ पुसलं. “सौदा नको असला की हात झटकायचा. धरून ठेवला म्हंजे कबूल. बाजारात पोरासोरालाबी ठावं असतं. मी झटकला, मेहमू. झटकलेला मला आठवतोय. पण हात तिथंच राहिला आन मी तेवढा मागं पडलो.”

मेहमुदानं कप खाली ठेवला. खाटेवरच्या हाताचं पहिलं बोट दबल्यासारखं खाली गेलं आणि वर आलं.

“ह्यो हिथं दिसतोय,” अब्बा म्हणाले, “पण हिथं न्हाय. ज्यानं कुणी धरलाय, त्यो वापरतोय.”

“अब्बा, असं काही नसतं.”

“नसू दे. त्या फळीवर काय लिवलंयस म्हणालीस?”

तिनं सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज बारीक झाला. धरलेला हात सोडू नका.

“कुणाला सांगितलंस असं?”

“सगळ्यांना.”

अब्बांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “सकाळी जा. रुमाल काढ. आत हात घालू नको. आन घालावाच लागला, आन कुणी धरला, तर झटक. कुणाचा का असंना. झटक.”

६

सकाळी नदीवर धुकं होतं. वखारीत मुंग्या नव्हत्या. भिंतीवर नव्हत्या, उंबऱ्यावर नव्हत्या, चुन्याच्या फटींत नव्हत्या. मेहमुदानं सवयीनं केरसुणी उचलली आणि ठेवून दिली.

तिनं आधी फळी उतरवली. मग पकडीनं रुमालाचे खिळे काढू लागली. वरचे दोन निघाले. खालचा एक निघाला. चौथा खिळा मात्र चौकटीच्या आतल्या अंगाला होता. तिनंच ठोकला होता, रुमाल ताणून बसावा म्हणून. बाहेरून पकड पोचत नव्हती. पलीकडच्या दाराची किल्ली केरबापाशी, आणि केरबा अजून आला नव्हता.

थांबता आलं असतं. पण रांग लागायच्या आत हे व्हायला हवं होतं, आणि दिवसाउजेडी एका खिळ्याला भिऊन आपण उभ्या आहोत याची तिला लाज वाटली. तिनं रुमालाखालून हात घातला.

खिळा लागला. आणि मग दुसरं काहीतरी लागलं. कोमट.

झटक, तिच्या मनात अब्बांचा आवाज म्हणाला. तिनं झटकलाही असता. परका हात असता तर नक्की झटकला असता. पण तिच्या तळव्यावर ती करंगळी टेकली. लहानपणी अब्बा जोतिबाच्या यात्रेत गुळाचं दुकान लावायचे. डोंगरावरच्या गर्दीत हरवू नये म्हणून मेहमुदा त्यांचा सगळा हात धरत नसे, तो तिच्या मुठीत मावत नसे. ती ही वाकडी करंगळी धरून चालायची. मोडलेल्या सांध्यावरचं ते गाठीसारखं हाड. तिच्या मुठीनं ते तिच्याआधी ओळखलं.

हा कसा झटकायचा?

तिनं करंगळी धरली. मग सगळा हात धरला. तिनं तो आपल्याकडं ओढला. आला नाही. म्हणून तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि अडकलाय तरी कुठं हे बघायला बोटं वर, अब्बांच्या मनगटाकडं सरकवली.

मनगटावर बोटं होती.

दुसरी. लांब, कोरडी, गुळाच्या थंड रव्यासारखी गुळगुळीत. ती मनगटाला पूर्ण वेढा घालून पुन्हा एकमेकांवर आली होती. तिनं ती सोडवायला जोर लावला नाही. ती आपणहून सुटू लागली. एक सुटलं. दुसरं. ऐटीत, निवांत, जणू इतके दिवस ती दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होती आणि ते आता आलं होतं.

अब्बांचा हात तिच्या मुठीतून निघून गेला. ओढला गेला नाही; फुंकर मारल्यावर ज्योत असते आणि नसते, तसा गेला. मूठ रिकामी झाली, आणि ती मिटायच्या आत आणखी कशानं तरी भरली.

तिनं झटकला. आता झटकला. अंगातला सगळा जोर लावून ती मागं पडली, स्टूल आडवं झालं, चौथा खिळा तुटला आणि रुमाल तिच्या छातीवर येऊन पडला. चौकट उघडी पडली. पलीकडच्या खोलीत बंद दाराच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ होती, आणि त्या रेघेला मधेच कुणीतरी अडवून उभं होतं. मग रेघ सलग झाली.

“बाई?” दारातून केरबाचा आवाज आला. “पडला का काय? च्या आणलाय.”

केटली त्याच्या डाव्या हातात होती. उजवा घोंगड्याखाली होता.

“हात काय झाला, केरबामामा?”

“काय न्हाय. बधिर पडलाय जरा. थंडी.”

७

घरी अब्बा खाटेवर उठून बसले होते. शेजारणीनं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला होता आणि बशी उजव्या हातात होती. दोन वर्षांनी. बोटांवर चारी बाजूंनी तोललेली, एक थेंब न सांडता. ते पीत नव्हते. नुसते बशीकडं बघत होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

मेहमुदा दारात उभी राहिली. दोन वर्षं ती हेच मागत होती.

“झटकलास का?” त्यांनी विचारलं.

“झटकला.”

“धरायच्या आधी का नंतर?”

ती दोन पावलं पुढं आली. लाल रुमाल तिनं उजव्या हाताला गुंडाळला होता. हात तिच्या खांद्यापासून लोंबत होता, कुणी तरी तिच्याकडं ठेवायला दिल्यासारखा. वाटेत तिनं तो डाव्या हातानं चिमटे काढून बघितला होता. अब्बांनी बशी खाली ठेवली, तिला जवळ बसवलं आणि रुमाल न काढता आपला हात त्याच्याखाली घातला. बापलेकीचे हात रुमालाखाली एकमेकांवर आले. अब्बांनी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर, नदीच्या दिशेला बघू लागले. तेव्हा तिला कळलं की ते तिचा हात धरत नव्हते. ते तिची बोटं वाचत होते.

तिला काहीच लागत नव्हतं. पण रुमाल एका जागी हलताना दिसत होता. दबत होता, उठत होता.

“एक,” अब्बा म्हणाले.

“मला सोडवा, अब्बा. तुम्ही दलाल. काहीतरी सांगा त्याला.”

“भाव न्हाय करत त्यो.” ते अजून खिडकीबाहेरच बघत होते. “सौदे झाल्यात. त्यो मोजून घेतोय, एकेक हात. तुझ्याकडनं.” रुमाल दबला. “एक.” थोडा वेळ गेला. “एक.”

दारावर थाप पडली. चिमणाबाईंचा आवाज, पण आज तो पहिल्या घरीसुद्धा ऐकू गेला नसता. “बाई, हायसा का? जरा भाईर या की. हात चालंना झालाय ओ. परवापासनं म्हशीला हात लावता येईना.”

मेहमुदा उठली. रुमालाखाली अब्बांचा हात तिच्या हाताबरोबर उठला. त्यांनी तो सोडला नाही. दोघं तशीच दारापर्यंत गेली आणि तिनं डाव्या हातानं कडी काढली.

चिमणाबाई पायरीवर उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली. त्यांच्या मागं तानाबाई, तिचाही पदराखाली. त्यांच्या मागं केरबा. त्याच्या मागं गल्ली भरली होती, पार वळणापर्यंत: पैलवान, कॉलेजची पोरं, कपाळावर वाळलेला गुलाल घेतलेली माणसं. कुणी भांडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. फळीवर लिहिलेलं पाळलेली, धरलेला हात न सोडलेली ती माणसं तिच्याकडं बघत होती, आणि प्रत्येकाचा उजवा हात कशाच्या ना कशाच्या खाली होता. घोंगड्याच्या, टॉवेलाच्या, शालीच्या, टोपीच्या. आणि प्रत्येक कापड एका जागी, सगळ्यांचं एकाच वेळी, दबत होतं आणि उठत होतं.

तिच्या कानापाशी अब्बा हळूच म्हणाले, “एक.”